बसला का?

“म्हाताऱ्याचे डोये गेले. पण त्याले सांगन कोन?”

हे प्रमोद झेरॉक्सवाल्याचं वाक्य. त्याचं दुकान आणि आमचा स्टुडिओ यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत होती, आणि ती आवाज अजिबात अडवत नसे. मी पायरीवर चप्पल काढत होते. कोणीतरी गिऱ्हाईक आपला पासपोर्ट फोटो धूसर आला म्हणून प्रमोदकडे कुरकुरत होतं, कारण काकांसमोर कुरकुरायची त्याची हिंमत नव्हती.

“ते कानवेंटची पोट्टी बसते ना तिथी, ते सांगन की,” गिऱ्हाईक म्हणालं.

“ते?” प्रमोद हसला. “ते तर तोंडच उघडत नाई, बाप्पा.”

मी चप्पल सरळ लावली, आत गेले आणि कॉम्प्युटर सुरू केला. प्रमोदच्या त्या दोन वाक्यांपैकी एकच खरं होतं. कोणतं, हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

काका म्हणजे मनोहरराव काळबांडे. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. मी पिपरी मेघेहून स्कूटीने यायचे. साधारण दोन हजार सातची गोष्ट. बी.एस्सी. झालं होतं, पुढचं ठरत नव्हतं, फोटोशॉपचा कोर्स केला होता आणि कमीत कमी बोलावं लागेल असं काम मला हवं होतं. काकांना कॉम्प्युटर चालवणारं माणूस हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. टेबलाच्या खणातून एक जुना फोटो काढून समोर ठेवला. कापसाच्या पानाची मागची बाजू, तिच्यावर मावा पसरलेला. खसखशीच्या दाण्यांएवढे किडे.

“किती हायत?”

मी मोजले. दोनदा मोजले. आकडा इंग्रजीत तयार होता, पण समोरचा माणूस मराठीत विचारत होता आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही मंडळी शाळेत मला कधी भेटलीच नव्हती. शेवटी म्हणाले, “चाळीसला एक कमी.”

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. “कानवेंट,” ते म्हणाले, आणि माझं नाव तेच पडलं. खरं नाव ते फक्त परक्या माणसांसमोर घ्यायचे. मात्र आकडा बरोबर होता. चाळीसला एक कमी मोजणारी मुलगी त्यांना चालणार होती.

ठेंगणे, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात धूळ उडवायचा रबरी फुगा. गळ्यात दोरीला लावलेला जवळचा चष्मा. पण ओळखायची खूण होती डावा हात. त्याचा अंगठा आणि पहिलं बोट सतत काहीतरी फिरवत असायचं. चहाचा कप हातात आला की थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, मग परत केसभर डावीकडे, आणि थांबायचा. मगच घोट. एका लग्नात जेवणाच्या ताटातली वरणाची वाटी ते तशी फिरवताना मी पाहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, वरणात काही पडलं का. काकांना प्रश्नच कळला नाही.

तीस वर्षं ते शेतकी खात्याच्या एका कार्यालयात छायाचित्रकार होते. काम किडींचे फोटो काढायचं. बोंडअळी, तुडतुडे, मावा, लाल ढेकूण. त्यांचे तक्ते बनायचे आणि गावोगावच्या कचेऱ्यांत लागायचे. तक्त्याखाली खात्याचं नाव असायचं, छापखान्याचं असायचं. फोटो काढणाऱ्याचं नसायचं. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. पण एकदा आम्ही ओळखपत्रांच्या फोटोंसाठी एका कचेरीत गेलो होतो. तिथे त्यांचा बोंडअळीचा तक्ता उलटा टांगलेला होता. काका खुर्चीवर चढले आणि तो काढायला लागले. बाबू धावत आला. काकांनी त्याला समजावलं की अळी बोंडात अशी शिरत नाही, ती वरून शिरते, तुमच्या तक्त्यावरून शेतकरी चुकीचं शिकेल.

“तुम्ही कोन हो पन?” बाबूने विचारलं.

काकांनी तक्ता सुलटा टांगला, बोटाने कोपरा केसभर खाली घेतला, आणि खाली उतरले. म्हणाले, “कोनी नाई. फोटोवाला.”

मी बाजूला उभी होते. यांनीच काढलाय तो, एवढं वाक्य मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. घरी येताना स्कूटीवर मनातल्या मनात चार वेळा म्हटलं.

कार्यालयातून निवृत्त होताना त्यांच्याकडे स्वतःच्या चार लेन्स होत्या. सगळ्या हाताने फोकस करायच्या, धातूच्या, जड. त्या एका स्टीलच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्यांमध्ये राहायच्या, म्हणजे ओल धरून काचेला बुरशी लागू नये. दर शनिवारी काका ते तांदूळ गॅसवर पुन्हा भाजायचे. स्टुडिओत पुलावाचा वास सुटायचा आणि खायला काही नसायचं. प्रमोद दर शनिवारी भिंतीपलीकडून विचारायचा, “काका, झालं का जेवन?” आणि काका दर शनिवारी म्हणायचे, “लेन्सचं झालं.”

मग त्यांच्या मुलीने, नागपूरच्या सुनीताताईंनी, त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. त्याच्यासोबत एक लेन्स आली होती, प्लॅस्टिकची, हलकी, आपोआप फोकस करणारी. काकांनी ती एकदा लावून पाहिली. बटण अर्धं दाबलं, ती ‘झुईं’ करून फिरली आणि थांबली.

“हे कोनाले विचारून थांबली?” ते म्हणाले.

एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी पितळेचं एक कडं बनवून आणलं. एका बाजूला नवा कॅमेरा बसायचा, दुसऱ्या बाजूला जुनी लेन्स. त्या कड्याला ते ‘मध्यस्थ’ म्हणायचे, स्थळं जुळवणारा असतो तसा. आणि त्या नव्या लेन्सचं नाव पडलं ‘झाकण’. काम झालं की जुनी लेन्स डब्यात जायची आणि कॅमेऱ्याचं तोंड उघडं राहू नये म्हणून त्याच्यावर झाकण बसवायचं. तिचा उपयोग एवढाच.

मला या सगळ्याचा राग यायचा. आज लिहिताना तो मऊ करून लिहायची इच्छा होते, पण खरं तेच लिहिते. आपोआप फोकस करणारी लेन्स खणात पडली आहे आणि समोर अकरा महिन्यांचं मूल बसलं आहे. काका लेन्स पूर्ण उघडणार, म्हणजे काचेत उजेड भरपूर येईल. फोकसचं कडं डावीकडे, उजवीकडे, केसभर डावीकडे. श्वास सोडणार. मग लेन्सचं छिद्र लहान करायचं कडं फिरवत तोंडाने मोजणार, एक, दोन, तीन. मग बटण. तोवर मूल आईच्या पदरात. परत पहिल्यापासून. बाहेर तिघं रांगेत, भारनियमनाची वेळ दहा मिनिटांवर, इन्व्हर्टर शिट्या मारतोय. एकदा ते मूल झोपून गेलं. आई म्हणाली, असाच काढा. काका म्हणाले, झोपलेल्या माणसाचा फोटो कागदाले लावत नाई बाई, मेल्यासारखा दिसते. बाई मूल उचलून दुसऱ्या स्टुडिओत गेली. मी कीबोर्डवरची धूळ पुसत बसले, कारण दुसरं काही केलं असतं तर मी ओरडले असते.

आणि प्रत्येक फोटोनंतर तो प्रश्न. “बसला का?”

फोकस बसला का. कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा बघायला काकांना जवळचा चष्मा चढवावा लागायचा, आणि तो चढवला की पुढच्या फोटोसाठी उतरवावा लागायचा. म्हणून ते काम माझं. कॅमेरा माझ्याकडे वळवायचा, मी फोटो मोठा करून बघायचा आणि सांगायचं.

“जुन्या कॅमेऱ्यात मीच सांगत होतो,” ते म्हणायचे. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या काचेत मधोमध एक गोल असायचा, आडवा चिरलेला. फोकस चुकला असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांपासून सरकलेले दिसायचे. कडं फिरवत ते जुळवायचे. जुळले, की बसला. नव्या कॅमेऱ्यात तो गोल नव्हता, नुसती सपाट काच. काका म्हणायचे, “यायनं खिडकी देल्ली, कडी नाई देल्ली.”

ते फोकस करायचे आणि मी बघायचे, आणि बऱ्याचदा तो बसलेला नसायचा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पडद्याकडे बघत राहिले. काकांनी विचारलं, “बसला का?” त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. विचारायची पद्धत म्हणून विचारत होते. मी म्हणाले, “हो.” मग कॉम्प्युटरवर फोटोशॉपमध्ये शक्य तेवढा धारदार केला, आणि पासपोर्टच्या आकारात तो खपून गेला. दुसऱ्यांदाही ‘हो’. तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणायला विचारही करावा लागला नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाला तुमचे डोळे गेले असं मी कसं सांगणार होते? मला बसमध्ये पुढच्या स्टॉपवर उतरायचंय एवढं सांगता येत नसे.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. काकांचा फोकस चुकायचा तो नेहमी पुढे. नाकावर धरलेला असेल तर नाकाच्या पुढची हवा धारदार. कधीही मागे नाही. कमी दिसणारा माणूस कधी पुढे चुकेल, कधी मागे. एकाच बाजूला, दर वेळी तेवढंच कसं चुकेल? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला दिसलं सगळं होतं. मी ते मनात नोंदवलं आणि त्याच्यावर झाकण बसवलं.

मग पुस्तकाचं काम आलं. नागपूरकडच्या एका संस्थेतले प्राध्यापक स्टुडिओत आले. त्यांना कापसावरच्या किडींची छोटी पुस्तिका काढायची होती, शेतकऱ्यांसाठी. जुने तक्ते बघून ते काकांपर्यंत पोचले होते. छत्तीस फोटो हवे होते. काका म्हणाले, “म्हंजे एक रोल.” प्राध्यापक जाताना सहज म्हणाले की पहिल्या पानावर ‘छायाचित्रे : मनोहर काळबांडे’ असं टाकू.

काकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. कान साफ करत, जणू ऐकूच आलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाले, “टाइप कर बरं ते.” मी केलं. “मोठं कर.” केलं. ते खुर्ची सरकवून पडद्यासमोर बसले आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी फिरवत राहिले. “काना-मात्रा बरोबर हाय ना?” त्यांनी विचारलं. निदान ते ‘हो’ तरी मी त्यांना खरं सांगितलं.

आम्ही पवनारला जायचो. तिथे काकांचे शाळासोबती भास्करराव यांचं शेत होतं. सकाळी, दव असताना. काका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत गुडघ्यावर बसायचे, एका पानासमोर वीस-वीस मिनिटं. ढालकिडा म्हणजे मावा खाणारा तो लाल-काळा मित्रकिडा. त्याने पाय उचलायची ते वाट बघायचे, कारण पाय मोजता आले पाहिजेत. “साहेबाले पन मी थांबवत होतो,” ते सांगायचे. “साहेब म्हने, काळबांडे, लवकर करा. मी म्हनलं, साहेब, अळीले सांगा.” दोन बोटं कड्यावर, श्वास सोडला, एक, दोन, तीन. “बसला का?”

मी पडदा मोठा करायचे. ढालकिडा लोण्यासारखा विरघळलेला. त्याच्या पुढची पानाची कड अशी धारदार, की तिच्यावरचे केस मोजावेत. “हो.”

मग काका भास्कररावांशी बोलायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जायचे, चहा यायचा. मला सांगितलेलं असायचं, लेन्स डब्यात घाल, झाकन लाव. मी झाकण लावायचे. आणि त्यांची पाठ वळलेली असताना त्याच किड्यासमोर बसून बटण अर्धं दाबायचे. ‘झुईं.’ दोन मिनिटांत चार फोटो, सगळे बसलेले.

छत्तीसपैकी त्यांचे सात वापरण्यासारखे होते, छिद्र अगदी लहान केल्यामुळे चूक झाकली गेलेले. बाकीचे मी माझे घातले. माझे म्हणजे झाकणाचे. सीडी बनवली, काकांनी ती दोन्ही हातांनी प्राध्यापकांना दिली. मला वाटत होतं, मी चांगलं करते आहे. वाटत होतं म्हणजे तसं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला तो एक अवघड संवाद टाळायचा होता आणि मी त्यासाठी एकोणतीस फोटो काढले होते.

पुस्तिकेच्या वीस प्रती आल्या, तेव्हा काकांनी प्रमोदलाही बोलावलं. प्रमोद म्हणाला, “काका, नाव तं झकास छापलं हो.” त्याने एक प्रत मागितली. काका म्हणाले, थांब, आधी पाहू दे. त्यांनी चष्मा चढवला, भिंग घेतलं आणि पहिल्यापासून एकेक पान बघायला सुरुवात केली. प्रमोद थोडा वेळ थांबला, मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेला.

ते शेवटच्या पानापर्यंत गेले. परत पहिल्यावर आले. तिसऱ्यांदा ढालकिड्यापाशी थांबले. फोटोत किड्याच्या मागे पानावरच्या दवाचे चमकते ठिपके होते, धूसर, सुंदर.

“हे ठिपके गोल हायत,” काका म्हणाले.

मी फोटोकडे वाकून पाहिलं.

“माह्या लेन्सचा ठिपका सहाकोनी पडते. आत सहा पात्या हायत तिच्या. तीस वर्सं सहाकोनी पडला.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, “झाकन?”

मी मान हलवली.

“किती?”

आकडा निघाला तो असा: “तिसाला एक कमी.”

या वेळी ते हसले नाहीत. “एकोणतीस,” ते म्हणाले, मला शिकवल्यासारखे. मग शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढलं, प्रतींचा गठ्ठा जवळ ओढला आणि पहिल्या पानावरच्या आपल्या नावावर आडवी रेघ मारली. एका प्रतीवर. मग दुसऱ्या. वीसच्या वीस. रेघ सरळ यावी म्हणून फूटपट्टी घेतली होती. मला वाटलं, ओरडतील, निदान विचारतील. पेनाचा आवाज तेवढा येत होता आणि पलीकडे झेरॉक्सचं मशीन.

गठ्ठा सारखा करून झाल्यावर म्हणाले, “मी जे पाह्यलं नाई, ते माह्या नावावर नको.” आणि थोड्या वेळाने, “तुले वाटलं, माहे डोये गेले.”

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. परत आले आणि तपासणीचा कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी स्टुडिओत लागायच्या वर्षभर आधीच झालेलं होतं. लांबचं त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट दिसत होतं. जवळच्यासाठी चष्मा, जो गळ्यात होता. कागदावर डॉक्टरांनी आणखी काही लिहिलं नव्हतं, लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

“मंग कोन चुकून राह्यलं?” काका म्हणाले. रागाने नाही. अळीच्या पायांबद्दल विचारावं तसं.

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, कागदावर लिहून, कारण तोंडाने सांगायला जमेना, की फोकस नेहमी पुढे चुकतो. दर वेळी. काकांनी ती चिठ्ठी वाचली आणि डोळे मिटून बसले. त्यांचा डावा हात पहिल्यांदाच स्थिर होता.

“एकाच अंगाले?”

मी मान हलवली.

“केव्हापासून?”

“पहिल्यापासून.”

कॅमेरा घेऊन आम्ही नागपूरला सीताबर्डीत एका मेकॅनिककडे गेलो. म्हातारा, एका डोळ्याला भिंग अडकवलेला. त्याने कॅमेऱ्याच्या आत बघितलं, हसला आणि हिंदीत समजावलं. कॅमेऱ्याच्या आत वर एक काच असते, जिच्यावर आपण बघतो. तिच्याखाली एक बारीक पट्टी असायला हवी, ती बसवतानाच राहून गेली आहे. त्यामुळे काच केसभर खाली. डोळ्याला बसलेलं दिसतं, फोटोत पुढे पडतं. आपोआप फोकस या काचेतून बघतच नाही, म्हणून तो बरोबर येतो. ज्याची नजर पक्की तो दर वेळी तेवढाच चुकेल. उलट नजर कच्ची असती तर एखाद्या वेळी नशिबाने बरोबर आला असता.

“सालभर ऐसा चल रहा है?” त्याने विचारलं. “एक भी फोटो बड़ा करके देखो तो समझ में आता है। किसी ने बताया नहीं?”

मी दुकानाच्या फरशीकडे बघत होते.

“दुकान में मैं अकेला रहता हूँ,” काका म्हणाले.

किडीचा एक पाय फोटोत दिसला नाही तर तो फोटो फाडणारा माणूस. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं एवढंच. परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकी मला दिली आणि वर्धा येईपर्यंत कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर धरून बसले. मला त्यांनी रागवायला हवं होतं. अजूनही कधीकधी वाटतं, तेव्हा रागावले असते तर बरं झालं असतं.

मेकॅनिककडे ती पट्टी नव्हती आणि मागवायला महिना-दोन महिने लागणार होते. काकांकडे तेवढा वेळ नव्हता. त्यांनी प्राध्यापकांना फोन करून सरळ सांगितलं होतं की ‘एकोणतीस फोटो माझे नाहीत, पुढच्या हंगामात पुन्हा छापाल तर मी परत काढून देतो.’ प्राध्यापक बहुधा गोंधळले असावेत. म्हणाले, पऱ्हाटी उपटायच्या आत द्या. पऱ्हाटी उभी होती ती अजून तीनेक आठवडे.

म्हणून काकांनी पट्टी स्वतः करायची ठरवली. जुन्या फिल्मच्या निगेटिव्हची कडा कापून. कापायची, चिमट्याने आत सरकवायची, मग तपासायची. तपासायला त्यांनी एक पाट टेबलावर तिरका उभा केला, त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं आणि मधल्या एका ओळीखाली लाल रेघ मारली. त्या ओळीवर फोकस करायचा. फोटोत तीच ओळ धारदार आली, तर काच जागेवर. वरची आली तर फोकस मागे, खालची आली तर पुढे.

तो शनिवार होता. तांदूळ भाजून झाले होते आणि खोलीत तोच वास. सोमवारी मी पुण्याला जाणार होते, नोकरी लागली होती, हे मी काकांना सकाळी कसंबसं सांगितलं होतं. ते म्हणाले, “जाजो. येत जाजो.” आणि चिमटा उचलला. पट्टी घासायची, बसवायची, लेन्स लावायची. घासायची, बसवायची, लावायची. दुपारपर्यंत सहा वेळा झालं. त्या सहाही वेळा धारदार ओळ लाल रेघेपासून इतकी दूर पडली होती की विचारायची गरजच पडली नाही, मी पडदा त्यांच्याकडे वळवला की दिसायचं. सातव्यांदा ते गुडघ्यावर बसले. पाठ दुखत असावी, टेबलाची कड धरून बसले. लेन्स उघडली. डावीकडे, उजवीकडे, केसभर डावीकडे. श्वास सोडला. एक, दोन, तीन.

मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि तसेच बसून राहिले, मान वर करून, पवनारला बसायचे तसे.

“बसला का?”

मी फोटो मोठा केला. जवळजवळ बसला होता. लाल रेघेची ओळ वाचता येत होती. दुसऱ्या कोणालाही तो बसलेलाच वाटला असता. तिच्या खालच्या ओळीत एक ‘ळ’ होता, आणि त्याचे दोन्ही गोल त्याच्या वरच्या कोणत्याही अक्षरापेक्षा थोडे, अगदी थोडे, स्वच्छ होते.

काकांच्या कपाळावर घाम होता. ‘हो’ माझ्या जिभेवर आलेलाच होता. तो तिथे वर्षभर बसायला शिकला होता. पलीकडे झेरॉक्सचं मशीन थांबलं होतं, त्यामुळे माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि भिंतीपलीकडेही गेला असणार.

“नाही बसला, काका. एक ओळ पुढे आहे.”